मशीनला दिलेला तुमचा हात

रशीदचाचा,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनसमोर उभी होते. रुळांवरून पारदर्शक प्लास्टिक सरकत होतं आणि त्यावर चांदीच्या शाईची नागमोडी नक्षी उमटत होती, एकामागून एक, न थांबता. मुमताजचाची फोनवर एवढंच म्हणाल्या, "बेटा, चाचा गेले गं तुझे." मी "हो" म्हटलं. असल्या बातमीला कुणी "हो" म्हणतं का? मशीन चालूच होतं. ते बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं आणि मला ते सापडेना.

तुम्ही ते मशीन कधी पाहिलं नाहीत. मी दाखवलंच नाही. ते आहे हेसुद्धा सांगितलं नाही. सोलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ते येऊन दीड वर्ष झालं. तेवढे दिवस तुम्ही फोनवर विचारत राहिलात, "पुढचा माल कधी आणती बेटा?" आणि मी म्हणत राहिले, "आणते चाचा, जरा कामात आहे." एक साधी गोष्ट तुम्हाला सांगायची होती, की आता त्या कामाला तुमच्या हाताची गरज उरलेली नाही. ती सांगायला माझी जीभ रेटली नाही. आता तुम्ही विचारणार नाही. सुटले म्हणायची मी. अशी सुटका वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आपली ओळख दादाच्या लग्नपत्रिकांमुळे झाली. उमरग्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं तुमचं दुकान, पुढं छपाई आणि मागच्या दोन खोल्यांत घर. पत्रिकांवरची नावं तपासायला घरच्यांनी मला पाठवलं होतं, कारण घरात शिकलेली मी आणि शुद्धलेखनाचा माज मलाच. मी तेव्हा मोठ्या पेचात होते. काचेच्या नाण्याएवढ्या तुकड्यावर शाईचा थेंब टाकायचा, तुकडा गरागरा फिरवायचा, थेंब पसरून केसाहून कितीतरी पातळ थर तयार होतो. अंग किती तापलंय हे ओळखणारा थर. त्याची पट्टी दंडावर चिकटवली तर उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाला भोवळ येण्याआधीच सावलीत बसवता येईल, हे माझं स्वप्न होतं. लहानपणी ढोकीला मामाकडे गेले असताना फडात एक बाई कोसळताना मी पाहिली होती. मोळी डोक्यावर असतानाच ती खाली बसली, आणि मग आडवी झाली. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पण नाण्याएवढ्या काचेच्या तुकड्याचा कुणाला काय उपयोग? पट्टी वाकली पाहिजे, आणि एक नाही, हजारोंनी झाली पाहिजे. मी तोच थर प्लास्टिकवर घेतला की तो वाकवताच तडकायचा. वर्ष त्यात गेलं होतं. माझे मार्गदर्शक सर म्हणत होते, छपाईच्या तंत्राकडे वळ. मी पुस्तकं वाचत होते. आणि तुमच्या दुकानात मी दादाची पत्रिका हातात घेऊन उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गणपतीच्या सोंडेवरून घडी गेली होती आणि सोनेरी शाईला साधा चरासुद्धा पडला नव्हता.

"चाचा, घडीवर हा रंग तडकत कसा नाही?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "तडकतोय की. ज्याला येत न्हाय त्याचा तडकतोय."

नावं तपासायची राहिली बाजूला. मी तिथंच स्टूल ओढून बसले. एक जाड हात मारला की शाई तडकणारच, तुम्ही म्हणालात, दोन पातळ हात मारायचे. पहिला हात ओला असताना दुसरा मारायचा न्हाय, आन लई वाळूबी द्यायचा न्हाय. मी वही काढून विचारलं, "म्हणजे किती मिनिटं?" तुम्ही माझ्या वहीकडं असं पाहिलंत, जणू ती वही नाही, दुखणं आहे. "मिनिटं कुठली? बोट लावायचं. बोटाला लागतंय पर चिकटत न्हाय, तवा." दादाच्या पत्रिकेत त्या गडबडीत वहिनीच्या मामांचं नाव चुकलं, आणि ते मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्याचं मला काही वाटत नाही. मला त्या दिवशी तुम्ही मिळालात.

पुढच्या वेळी मी चांदीची शाई घेऊन आले. बाटली उघडून तुम्ही वास घेतलात, दोन बोटांत शाई चोळलीत. "खरी चांदी हाय ह्यात?" मी हो म्हटल्यावर तुम्ही बोटं पुसली नाहीत, चाचींना हाक मारून दाखवलीत. मग कामाला लागलात. उमरग्याचं ऊन तुम्हाला माहीत. छपाईच्या स्क्रीनच्या जाळीतच शाई वाळून छिद्रं बुजायला लागली तेव्हा तुम्ही दाराला ओलं पोतं लावलंत आणि पंखा बंद केलात. आपण तिघं घामानं निथळत होतो आणि शाई मात्र गारव्यात होती. आमच्याकडे त्यासाठी हवेचा ओलावा राखणारी अख्खी खोली आहे, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "मग हितं कायकू आली?"

आपली भांडणंही तिथलीच. मी नक्षी सरळ रेघांची काढून आणली होती. तुम्ही ती स्क्रीनवर घ्यायलाच तयार नव्हता. दुकानांच्या उद्घाटनांसाठी तुम्ही फुग्यांवर नावं छापायचात. एक जुना फुगा काढून त्यावर तुम्ही दोन रेघा मारल्यात, एक सरळ आणि एक नागमोडी, आणि तो फुगवून माझ्या नाकासमोर धरलात. सरळ रेघेचे तुकडे तुकडे झाले. नागमोडी रेघ नुसती लांब झाली. मी ठसक्यात म्हणाले, "हे पुस्तकात आहे चाचा, मला ठाऊक होतं." ठाऊक होतं हे खरं, पण आणली होती सरळच. तुम्ही शांतपणे फुग्याची हवा सोडलीत. "असंल. पुस्तकवाल्यानंबी कधीतरी फुगा छापला असंल."

एका भांडणात मात्र मी चुकले आणि ते अजून माझ्याकडं तसंच आहे. पहिला चांगला ताव निघाला तो दिवस. एका तावावर कितीतरी पट्ट्या, एकही रेघ तुटलेली नाही. मी मीटर जोडायची तयारी करत होते. तुमच्या दुकानातून कुठलीही पहिली पत्रिका कोरडी बाहेर पडत नसे. यजमान विसरले तर हळदीकुंकवाचा करंडा तुमच्या खणात तयार असायचा. चारी कोपऱ्यांना बोट टेकवून तुम्ही पत्रिका त्यांच्या हाती द्यायचात, "आता देवाला ठिवा" म्हणून. त्या दिवशीही तुम्ही तेच केलंत. मी मागं वळून पाहते तर ताव माझ्यासमोर धरलेला, चारी कोपरे पिवळे-लाल, आणि तुमचा चेहरा असा फुललेला की जणू घरचंच लग्न आहे.

मीटर जोडायच्या जागा नेमक्या त्या कोपऱ्यांत होत्या.

मी ओरडले. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर ओरडले. "हे काय केलंत चाचा! सगळा ताव वाया घालवला!" तुम्ही घाईनं थिनरचा बोळा घेऊन पुसायला गेलात, आणि हळदीबरोबर चांदीही निघून आली. मग तुम्ही बोळा खाली ठेवलात. "चुकलं बेटा," एवढंच म्हणालात. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. तुम्ही दुसरा ताव छापून दिलात, पहिल्याहून चांगला. चाचींनी ताट वाढलं होतं आणि मी बस चुकेल म्हणून न जेवता निघाले. बस चुकणार नव्हती. तुम्ही तो शुभशकुन केला होतात हे मला बस उमरग्याबाहेर पडायच्या आधीच कळलं होतं, पण परत फिरायची लाज वाटली. पुढच्या खेपेला तुम्ही असे वागलात, जणू काही झालंच नव्हतं, आणि मीही तशीच वागले. माफी तेव्हाच मागायला हवी होती. लाजेनं गप्प बसायची सवय मला तिथूनच लागली असावी.

आणि ढोकीचा दिवस आठवतो का? आठवतच असेल, तुम्ही तो साऱ्या उमरग्याला सांगितला होता. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं. आपण बस बदलत बदलत गेलो, मामाच्या ओळखीनं फडात पोचलो. तोडणीवाल्या बायकांच्या दंडावर मी पट्ट्या चिकटवल्या आणि आपण दोघं बांधावर बसून राहिलो. मी मोबाईलवर आकडे बघत होते. तुम्ही त्यांच्या हातांकडं बघत होता, कोयता वर जातो तेव्हा पट्टी कुठं ताणते, मोळी उचलताना कुठं चुरगळते. तासाभरात दोन पट्ट्या घामानं सुटून पडल्या. मी खट्टू झाले. तुम्ही त्या उचलून घेतल्यात, धुतल्यात आणि उजेडात धरून म्हणालात, "छपाई साबूत हाय. डिंकाचं बघ तुझ्या."

दुपारी एका बाईचा आकडा चढत चढत गेला. मी पळत जाऊन तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. ती कुरकुरली, मला काय झालंय म्हणून. आणि मग बसल्या बसल्याच तिचे डोळे फिरले. आपण दोघांनी तिला आडवं केलं, ओल्या फडक्यानं पुसत राहिलो. थोड्या वेळानं ती उठून बसली, चहा प्याली. पट्टी काढताना मी विचारलं, "मावशी, ही दंडावर बोचली का?" तिनं दंडाकडं पाहिलं. "आगं, ही हाय हेच इसरले व्हते मी."

तुम्ही उठून बांधाच्या पलीकडं गेलात. मला वाटलं लघवीला गेलात. परत आलात तेव्हा डोळे लाल होते आणि तुम्ही पाचटाच्या धुरळ्याला शिव्या घालत होता. बसमध्ये तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं छापतोय. लोक पत्रिका वाचत्यात आन टाकून देत्यात. माझी छपाई आज पैल्यांदा कुणाच्या आंगावर जित्ती राह्यली." मी तेव्हा काहीतरी विनोद केला. आज वाटतं, नुसतं गप्प बसून तुमचा हात धरायला हवा होता.

त्याच प्रवासात आपला शेवटचा वाद सुरू झाला. मी म्हणाले, आता हे मशीनवर न्यायला हवं, हातानं किती माणसांना पुरणार? तुम्ही लगेच म्हणालात, "ने की. जरूर ने. पर मशीनला बोट कुठाय?" शाई दुसऱ्या हाताला तयार झाली हे मशीनला कसं कळणार, असं तुमचं म्हणणं. मी म्हणाले, तापमान ठरवून देऊ, वेळ ठरवून देऊ. तुम्ही म्हणालात, पावसाळ्यातली वेळ येगळी, उन्हाळ्यातली येगळी, शाईच्या बाटलीगणिक येगळी. तुळजापूर रस्त्याचा फाटा आला तरी आपण भांडत होतो. शेजारच्या माणसाला वाटलं बाप-लेकीचं जमिनीवरून चाललंय. त्यानं मध्यस्थीही करायचा प्रयत्न केला.

मग मशीन आलं. पहिले रोल खराब निघाले. रेघांना तडे, कडेला ओघळ, मधेच पांढरे पट्टे. बाहेरून आलेले तज्ज्ञ आठवडाभर आकडे बदलत राहिले. मग मी मोबाईलमधला तुमचा व्हिडिओ काढला. तुम्ही रबरी पट्टीनं शाई ओढताना मी कधीतरी सहज घेतलेला. तो मी थांबवून थांबवून पाहिला. तुमचा हात स्क्रीनवर किती तिरका आहे ते कोनमापकानं मोजलं. एक ताव ओढायला किती सेकंद लागतात, शेवटच्या वितीला तुम्ही दाब कसा कमी करता, दोन हातांमध्ये किती थांबता, सगळं मोजलं. ते आकडे मशीनला दिले. तिसऱ्या दिवशी रोल स्वच्छ निघाला. टाळ्या झाल्या, पेढे आले. मी पेढा हातात धरून उभी होते आणि मला तुमच्या थिनरचा वास आठवत होता.

अहवालात मी लिहिलं, "छपाईचे घटक प्रयोगांती निश्चित केले." चाचा, त्या वाक्यात तुमचं सगळं आयुष्य आहे आणि तुमचं नाव नाही. ते नाव मी आता घालून घेतलं आहे, भांडून घातलं आहे. सरांनी विचारलं, यांची संस्था कोणती लिहायची? मी म्हटलं, उमरगा. पण आता घालून काय, तुम्ही थोडंच ते वाचणार आहात.

आणि हो, वाद तुम्ही जिंकलात. पावसाळा आला आणि मशीनचे रोल पुन्हा बिघडले. तेव्हा आम्ही दोन थरांच्या मधे एक छोटा भाग बसवला, तो शाईला हलकेच टेकतो आणि ती चिकटते का ते बघतो. प्रयोगशाळेत त्याला लांबलचक नाव आहे. मी त्याला मनात बोटच म्हणते. हे तुम्हाला सांगायला मी किती वेळा फोन हातात घेतला! पण बोटाचं सांगायचं तर आधी मशीनचं सांगावं लागणार, आणि तिथं माझं अडायचं. पत्रिका मोबाईलवर गेल्या होत्या, फलक फ्लेक्सवाल्यांकडे गेले होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ढोकीच्या बाईची गोष्ट सांगता हे मला माहीत होतं. तुमच्याकडं अभिमानानं सांगायला एवढंच काम उरलंय आणि तेच मी नेलं, असं मला वाटायचं. म्हणून मी यायचीच बंद झाले. माहेरी जाताना बस उमरग्याला थांबायची तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडं बघायची. दीड वर्ष, चाचा. नव्वद-शंभर किलोमीटरचा रस्ता होता.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुव्याला, मी आले. बायकांमध्ये चाचींजवळ बसले. त्या रडत नव्हत्या, आल्यागेल्याला पाणी विचारत होत्या. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "एक इचारू का बेटा? दुकान आता पुतण्या बघणार हाय. कापडी पिशव्यावाला मंगळवारचा टेबल मागाया लागलाय. देऊ का?"

मला कळेना. टेबलाचं मला का विचारता, मी म्हणाले.

"तुझा मंगळवार हाय न्हवं त्यो. त्यांनी सांगून ठिवलं व्हतं, तिला इचारल्याबिगर मंगळवार कुणालाबी द्यायचा न्हाय."

मंगळवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून आपलं काम त्या दिवशी चालायचं. चाचींकडून कळलं, मी यायची बंद झाल्यावरही तुम्ही दर मंगळवारी मोठा टेबल पुसून रिकामा ठेवत होता. लग्नसराईतसुद्धा. कुणी मागितला तर म्हणायचात, आज म्याडमचा वार हाय.

माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं, कामात आहे चाची, येईन. ते मी गिळलं. मग जे तुम्हाला सांगायचं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. मशीन आलं, तुमचा हात मोजून त्याला दिला, आता उमरग्यात छापण्यासारखं काही नाही, कधीच नव्हतं या दीड वर्षात. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आले नाही. माझं संपल्यावर चाचींनी पदरानं माझं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

"मशीनचं वाईट कायकू वाटंल त्यास्नी? पत्रिका मोबाईलवर गेल्या तवाबी हसलेच की ते."

"द्या चाची मंगळवार त्यांना," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मी चपला घालत होते तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. रागावल्या नव्हत्या, खरंच नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, "काम नव्हतं, तरीबी यायाचं व्हतं की बेटा."

चाचा, दीड वर्षात मला हे एकदाही सुचलं नाही.